होडेकारासाठी गाऱ्हाणे

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात परीक्षेच्या पेपरापलीकडे कुणी काही लिहिलेले नाही, आणि कॉलेजचे पेपर लिहिणाराही मीच पहिला. वडील पाळी गावी खनिजाचा टिपर चालवतात, म्हणजे खाण चालू असते तेव्हा चालवतात. बंद असते तेव्हा टिपर धुतात. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल लिहायला बसणे आगाऊपणाचेच आहे. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना मी पुरते ओळखत होतो असेही म्हणवत नाही. तुम्हीही असा एखादा माणूस आपल्या गावात पाहिला असेल. त्याला आठवून माझे राहिलेले भरून घ्या.

तरी लिहितो, कारण त्यांचा एक शब्द कानातून जात नाही. ते पुस्तक मिटायचे, पण बोट पानातच ठेवायचे. मग दर्याकडे बघून, जणू समोर कुणी गोष्ट सांगता सांगता थांबले आहे अशा सुरात विचारायचे, "मागीर?"

मागीर म्हणजे मग. मग पुढे काय?

एवढे विचारून ते पुन्हा चालू लागायचे.

पेडण्याच्या कॉलेजला जायला बरे म्हणून मी मोरजीला मावशीकडे राहत होतो. मावशीच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक कुंपण आणि एक फणस होता. मी त्यांना काका म्हणायचो. गाव त्यांना 'कासवांचो' म्हणत असे. थंडी पडली की समुद्री कासवे आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वनखाते हंगामापुरते गावातले राखणदार नेमते, त्यांपैकी ते एक. अंड्यांच्या जागेभोवती जाळीचे कुंपण, बाजूला माडाच्या चुडतांची, म्हणजे झावळ्यांची, खोप, खोपीत एक बाकडे. बाकड्यावर मात्र मी त्यांना बसलेले पाहिले नव्हते. हातात पुस्तक धरून ते कुंपणाभोवती फिरत राहायचे. वाळूत त्यांच्या पावलांची गोल वाट पडली होती. पुस्तक झटकले की त्यातूनही वाळू पडायची.

मी एकदा म्हटले, "काका, बसून वाचा की."

"बसलो काय गोष्ट फुडें वचना," ते म्हणाले. बसले की गोष्ट पुढे जात नाही, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितले की मीही त्यांच्या मागून एक फेरी मारली.

पुस्तके सगळी पर्यटकांनी टाकलेली. परत जाताना लोक जाड पुस्तके खोलीतच ठेवून जातात. काका ती गोळा करायचे. त्यांना पोलिसांच्या गोष्टी नको होत्या, प्रेमाच्याही नकोत. त्यांना हवी असत ती जुनी अद्भुत पुस्तके. ज्यात नकाशा असतो, शपथ असते, बोलणारे प्राणी असतात, आणि एका साध्या माणसावर त्याच्या ताकदीबाहेरचे काम येऊन पडते. त्यांचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. अडलेला शब्द घेऊन ते सरळ उन्हात पडलेल्या पाहुण्याकडे जायचे. 'डिस्पेअर' म्हणजे काय, असे त्यांनी एका गोऱ्या म्हाताऱ्याला विचारले. म्हातारा वाळूवर आडवा झाला, दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि बराच वेळ तसाच पडून राहिला.

"कळ्ळें," काका म्हणाले. "इलेक्शनाक मत घालून घरा येतात तेन्ना आमकां जाता तें."

ह्या सगळ्या पुस्तकांत एक त्यांचे जिवाचे होते. त्याचे कव्हर नव्हते, पहिली पाने नव्हती, त्यामुळे नाव नव्हते, लेखक नव्हता. 'दुसरा भाग' एवढे एका पानावर शिल्लक होते. पहिला त्यांनी पाहिला नव्हता, तिसरा मिळाला नव्हता. खूण म्हणून चुडताची एक हीर, म्हणजे काडी, घातलेली असायची.

गोष्ट अशी. एका देशातला दर्याच नाहीसा झालेला असतो. उरलेले पाणी एका मडक्यात असते, आणि ते मडके एका होडेकाराच्या, म्हणजे नावाड्याच्या, हातात येते. डोंगरातल्या एका दाराशी नेऊन त्याने ते ओतायचे, म्हणजे दर्या परत येणार. वाटेत त्यातला एक थेंबही कुणाला द्यायचा नाही, स्वतः प्यायचा नाही, अशी त्याने शपथ घेतलेली. सोबतीला वाट दाखवणारा एक बगळा. चालून चालून बगळा तहानेने व्याकूळ होतो आणि एकच थेंब मागतो. होडेकार देत नाही. बगळा रुसून उडून जातो. मग होडेकार वाट चुकतो, पडतो, मडक्याला चीर जाते, आणि चीर बोटाने दाबून तो बंद दारासमोर उभा असतो. तिथे दुसरा भाग संपतो.

"मागीर?"

हा प्रश्न त्यांना का छळत होता ते मला आधी कळले नाही. काकांचे वडील नदीवर होडी घालायचे. पूल झाला आणि होडी गेली. म्हणून त्यांना नावाड्याची माया असेल, असे मी धरून चाललो. आमच्या अभ्यासक्रमात अशा जुन्या अद्भुत कादंबऱ्यांवर एक पेपर होता. मी नवा नवा शिकलेला. म्हटले, "काका, मडके हे प्रतीक आहे."

"कसलें?"

"म्हणजे... माणसाच्या कर्तव्याचे."

त्यांनी मला त्यांच्या माडांतल्या विहिरीवर नेले. खोपीसाठी प्यायचे पाणी ते रोज तिथून आणायचे. काठोकाठ भरलेली कळशी माझ्या हातात दिली आणि एक स्वतः घेतली. मऊ वाळूतून खोपीपर्यंत पोहोचलो तेव्हा माझी पँट भिजली होती. मी त्यांच्या कळशीत पाहिले. तीही अर्धीच.

"बघ," ते खूश होऊन म्हणाले, "होडेकार आमचेपरस बरो."

त्या पुस्तकांतून त्यांनी स्वतःपुरते काही ठरवून ठेवले होते. ते सांगताना मात्र चालण्याचा वेग वाढायचा. "ह्या पुस्तकांत 'फकत एकदांच' म्हणपी मनीस केन्नाच बरो नासता, आयकलें?" किंवा, "देवाचें नांव कोण घेना रे हांगा. पूण देवाचें काम सगळे करतात. आमच्या गांवांत उरफाटें." मी हसलो की तेही हसायचे, आणि हसणे संपायच्या आत चेहरा पुन्हा अस्वस्थ. "पूण बगळ्याक एक थेंबो दिलो आसतो तर? एक थेंब्यान दर्या उणो जातलो आसलो काय?"

ह्याचे उत्तर त्यांना का हवे होते, ते त्यांचा मुलगा खोपीवर आला त्या दिवशी मला समजले.

मुलगा एका हॉटेलात वेटर होता. हंगाम संपला की काम संपायचे. किनाऱ्याला लागून असलेले ते विहिरीचे माड काकांच्या नावावर होते, आणि मुलाला तिथे स्वतःचे छोटे हॉटेल घालायचे होते. त्यासाठी काकांची सही हवी होती. काका देत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. कारण हॉटेल म्हटले की दिवे आले. कासवाची पिल्ले वाळूतून वर येतात ती उजेडाच्या दिशेने निघतात. काळोख असेल तर पाण्यावरची चमक बघून दर्याकडे जातात, नाहीतर दिव्याकडे जाऊन मरतात. काकांच्या माडांसमोरचा तेवढाच तुकडा आता काळोखाचा उरला होता.

"बाबा, सही करतले मरे?"

काका चालत होते. मुलगा त्यांच्याबरोबर चालू लागला. मी बाकड्यावर पुस्तक उघडून बसलो, ऐकू येत नसल्यासारखा.

"आख्ख्या गांवान दिवे लावले. आमीच काळखांत."

"काळोखाची गरज कोणाक तें तुका खबर आसा."

"खबर आसा. ल्हानपणाक तुमीच शिकयलां." मुलगा थांबला. काका दोन पावले पुढे जाऊन थांबले. "बाबा, कासवांक तुमी आसात. माका कोण आसा?"

काकांनी पुस्तक झटकले. मुलाने थोडी वाट पाहिली आणि वाळू तुडवत निघून गेला. त्याच आठवड्यात तो बायको-मुलीला घेऊन म्हापशाला भाड्याच्या खोलीत गेला. भांडण असे झाले नाही. त्याने ताटातला उंडा पाव मोडलाही नाही आणि उठला, असे काकी मावशीला सांगताना मी ऐकले.

त्यानंतर काकांनी मला काम लावले. "तू इंग्लिश शिकता. तिसरो भाग सोद."

मी शोधला. कॉलेजच्या वाचनालयात, म्हापशाच्या रद्दीवाल्याकडे, हॉटेलांच्या काउंटरवरच्या धुळकट फळ्यांवर. शेवटी आमच्या इंग्रजीच्या मॅडमना ते पुस्तकच नेऊन दाखवले. ते नेताना काकांनी दोनदा हाक मारून परत बोलावले होते आणि पिशवीवर पिशवी घालायला लावली होती. मॅडमनी मन लावून चाळले. ह्या वळणाच्या खूप गोष्टी जुन्या काळी लिहिल्या गेल्या, ही कुठली ते सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तिसरा भाग लिहिलाच गेला नसेल, असेही असू शकते. कधी कधी लेखक अर्ध्यावर जातो."

हे काकांना कसे सांगावे याचा विचार करत मी बसमधून उतरलो. मनात दोन-तीन गुळमुळीत वाक्ये जुळवली. प्रत्यक्षात एका दमात सांगून टाकले.

काका फेरी घालत होते. ऐकून चालायचे थांबले नाहीत, उलट जोरात चालू लागले. तीन-चार फेऱ्या झाल्यावर माझ्यासमोर आले. डोळे लकाकत होते.

"लिवूंक नाय?"

"नसेल लिहिला. नक्की नाही."

"म्हणजे अजून घडूंक नाय." ते माझ्याकडे असे बघत होते, जणू परीक्षेत मीच पहिला आलो आहे. "अरे, घडून गेलां आसतें तर आमच्या हातांत कितें आसलें? घडूंक नाय म्हणजे गाराणें घालूंक येता!"

पेडण्याकडच्या वाचकांना गाऱ्हाणे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की कुठलेही काम सुरू करताना, कुणी आजारी असताना, कुणी दूर निघताना, जाणता माणूस नारळ हातात घेऊन मोठ्याने देवाशी बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मनातल्या मनात मागायची आपल्याकडे रीत नाही. चार माणसांनी होकार दिल्याशिवाय देवालाही ते खरे वाटत नसावे.

अंड्यांच्या प्रत्येक नव्या जागेला काका गाऱ्हाणे घालायचेच. त्या दिवशी सांजवेळी एका जागेला जाळी लागली होती. दुसरे दोन राखणदार, काकी, मावशी, रापणीचे जाळे ओढून परतणाऱ्या दोन बायका आणि मी असे उभे राहिलो. काकांनी नारळ धरला.

"हे देवा म्हाराजा! हीं अंडीं तुज्या पांयांकडे ठेयल्यांत. वाळूंत ऊब राख, वयर नदर राख. कुत्र्याक वाट चुकय, कावळ्याक भूक विसरय."

"व्हय म्हाराजा!"

"माजो झील मनांत राग धरून भायर पडलो. ताची वाट बरी कर. आनी माका ताचे वाटेर धोंडो जावंक दिवं नाका."

"व्हय म्हाराजा!" काकींचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

मला वाटले संपले. काकांनी नारळ घट्ट धरला.

"आनी एक होडेकार मडकें घेवन वाटेर आसा, म्हाराजा. मडक्याक चीर गेल्या. सांगाती रुसून गेलो. कोणाचें कितें चुकलां-माकलां आसत तर पदरांत घे, आनी दोगांकय दारार पावय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग, वाटेवरच्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून असेल,

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कुंपणापाशी खोबऱ्याचा तुकडा घेऊन उभी. "हो परसाद त्या होडेकाराक धाडा. खंयच्या हॉस्पिटलांत आसा तो?"

काका जराही हसले नाहीत. "हॉस्पिटलांत नाय. वाटेर आसा."

"एकटोच? अरे देवा. बायल नाय ताका?"

"वाचूंक मेळूंक नाय," काका म्हणाले.

आठवडाभर मावशी त्याची चौकशी करत होती. रापणीच्या बायकाही करत होत्या. एकीने तर तो आपल्या माहेरच्या गावचा असावा असे ठरवूनही टाकले. शेवटी मला राहवले नाही. मी मावशीला सांगितले की तो खरा माणूस नव्हे, पुस्तकातला आहे. मावशी रागाने लाल झाली. देवाच्या पुढ्यात कसली मस्करी, म्हणून तणतणत चुलीपाशी गेली. बराच वेळ भांड्यांचे आवाज आले. मग आतूनच म्हणाली, "पुस्तकांतलो जालो म्हणून कितें जालें? मडकें फुटलां मरे ताचें!" आणि पुढच्या गाऱ्हाण्याला ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली.

हंगाम सरत आला तेव्हा काकांचा मुलगा मला पेडण्याच्या बसस्टँडवर भेटला. इकडचे तिकडचे बोललो. वडिलांचे नाव त्याने काढले नाही. मग बसच्या दिशेने बघत म्हणाला, "अजून तें फाटकें पुस्तक घेवन भोंवता?"

"हो. रोज."

"ल्हान आसतना सगळें माका वाचून दाखयलें. खोपींत. बाबा इंग्लिश वाचताले आनी आमच्या भाशेन सांगताले. पान सोंपलें काय हांव इचारतालों, मागीर? बाबा सांगताले, मागीर फाल्यां." फाल्यां, म्हणजे उद्या. तो किंचित हसला. "फाल्यां, फाल्यां करता करता पुस्तक सोंपलें."

म्हणजे तो शब्द काकांचा नव्हता. इतकी वर्षे ते मुलाचा प्रश्न तोंडात घेऊन वाळूत फिरत होते. मी काही बोलायच्या आत बस आली. तो चढला, आणि पायरीवरून वळून, माझ्याकडे नीट न बघता म्हणाला, "बगळो परत आयलो काय रे?"

मी मोरजीला पोहोचताच सरळ किनाऱ्यावर गेलो. काका फिरत होते. मी स्टँडवरचे सगळे सांगितले, शेवटचा प्रश्नही.

ते थांबले.

"ताणें इचारलें?"

"हो."

"बगळ्याचें? ताका याद आसा?"

"हो काका."

ते खाली बसले. बाकड्यावर नव्हे, वाळूतच, जिथे होते तिथे. पुस्तक माझ्या हातात दिले. पानात बोट नव्हते आणि हीरही कुठेतरी पडली होती. मी ते छातीशी धरून उभा राहिलो. काका दोन्ही तळवे वाळूवर टेकून दर्याकडे बघत होते, आणि त्या संध्याकाळी त्यांनी 'मागीर' विचारले नाही.

सही केली की नाही, हे मी विचारले नाही. परीक्षा झाली, मी पाळीला परतलो. पावसाळ्यात मावशीचा फोन आला, की काका तापाने गेले. सही झालेली नव्हती. म्हापशाला जाऊन मुलाशी बोलतो, पाऊस जरा उघडू दे, असे ते काकींना म्हणत होते. पाऊस उघडला तेव्हा ते नव्हते.

नंतरचे महिने मी कसे काढले ते सांगणे कठीण आहे. बी.ए. झाले होते. पुढे शिकावे की तुये गावच्या एखाद्या कारखान्यात चिकटावे, हे ठरत नव्हते. वडील टिपर धुवत होते. मी अंगणात येरझाऱ्या घालायचो आणि एकच हिशेब पुन्हा पुन्हा करायचो. माड आता मुलाचेच. कुणाच्या सहीची गरज नाही. गावाने म्हणे गृहीतच धरले होते की ह्या थंडीत तिथे दिव्यांच्या माळा लागणार. मावशीचा फोन यायचा तेव्हा मी नळाच्या पाण्याचे विचारायचो, तिच्या गुडघ्याचे विचारायचो. माडांचे विचारायला धीर व्हायचा नाही. लागले असतील दिवे, तर त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्याला तहान लागलीच होती.

परवा सकाळी मावशीचा फोन आला.

"पुता, पयलें कासव येवन गेलें. आमच्याच बाजूक अंडीं घातल्यांत."

"बरे झाले," मी म्हटले. मग कसेबसे विचारले, "माडांत दिवे लागले?"

"हॉटेल घातलां मरे ताणें. टेबलां मांडल्यांत, बोर्ड लायला. पूण दिवे सगळे रस्त्याच्या बाजूक. दर्याच्या बाजूक चुडतांचें हें उंच कुंपण घातलां, उजेड भायर पडना."

"आणि खोपीत कोण?"

"तोच. दिसाचो खोपींत, सांजेक हॉटेलांत. बापायवरीच, एके जाग्यार बसना." मावशी श्वास घ्यायला थांबली. "काल गाराणेंय ताणेंच घातलें. नारळ धरपाक येना ताका. अंड्यांच्या नांवान घातलें. बापायच्या नांवान घातलें..."

ती थांबली.

"मागीर?" मी विचारले.

"मागीर कितें! होडेकाराचें नांव घेतलें. आमी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलें."